आईंना घेऊनच जा, आणि मुक्काम भीमतालला करा

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीला राहतो. घरात चौघं: मी, मिस्टर, अकरावीतला मुलगा आणि 73 वर्षांच्या सासूबाई. मिस्टर पुढच्या वर्षी रिटायर होताहेत. इतक्या वर्षांत महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि एकदा तिरुपती यापलीकडे आम्ही कुठे गेलो नाही. यंदा नैनितालचं ठरतंय. एका एजंटने सात दिवसांचं पॅकेज दिलंय: दिल्ली, नैनिताल, कौसानी, मसुरी, हरिद्वार आणि परत दिल्ली. निघायचं मेच्या शेवटच्या आठवड्यात. मिस्टर म्हणतात, "एवढं लांब जातोय तर सगळंच बघून येऊ." सासूबाईंचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. त्या म्हणतात, "मला कोरेगावला ताईकडे सोडा आणि तुम्ही जाऊन या." पण मुलाने मोबाईलवर त्या तलावांचे फोटो दाखवले तेव्हा चष्मा पुसून पुन्हा बघायला मागितले. एवढ्या उंचीवर त्यांना दम लागेल का? न्यावं की नाही, आणि न्यायचं तर कसं?
एक सून, शाहूपुरी, सातारा

ताई,

आईंना घेऊन जा. पॅकेज मात्र घेऊ नका, आणि जमत असेल तर मे सोडून दिवाळीनंतरचे दिवस धरा. आता एकेक सांगते.

आधी उंचीची भीती. आईंना घेऊन तुम्ही महाबळेश्वरला जाऊन आला आहात. महाबळेश्वर आणि भीमताल, दोन्ही गावं समुद्रसपाटीपासून साधारण 1,350 ते 1,400 मीटरच्या दरम्यान आहेत. नौकुचियाताल तर त्याहून थोडा खालीच, 1,220 मीटरच्या आसपास. म्हणजे वेण्णा लेकच्या काठावर बसून ज्यांना दम लागला नाही, त्यांना भीमतालच्या काठावर लागायचं काही कारण नाही. नैनितालचा तलाव उंच आहे, सुमारे 1,940 मीटर. पण विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होतो, आणि तुम्हाला तिथवर जायचंच नाही. निघायच्या आधी पंधरा दिवस आईंच्या डॉक्टरांना भेटा, बीपी तपासून घ्या आणि गाडी लागू नये म्हणून कोणती गोळी चालेल ते त्यांनाच विचारा. त्रास झालाच तर तो उंचीचा होणार नाही, घाटातल्या वळणांचा होईल. पसरणीच्या घाटात आईंना मळमळतं का, एवढं आठवून बघा. तेच उत्तर तिकडेही लागू.

आता त्या पॅकेजबद्दल, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण या चुकीतून मी स्वतः गेले आहे.

उत्तराखंडचे दोन भाग आहेत, गढवाल आणि कुमाऊँ. नैनिताल आणि कौसानी कुमाऊँत, मसुरी आणि हरिद्वार गढवालकडे. नकाशावर ते शेजारी दिसतात, पण मधे डोंगर आणि दऱ्या आहेत. नैनितालहून कौसानी सुमारे 120 किलोमीटर. आपल्याकडे साताऱ्याहून पुणं जवळपास तेवढंच, अडीच तासांत पोचतो. तिकडे चार-पाच तास धरा. डोंगरात तासाला पंचवीस किलोमीटर झाले तरी चांगलं म्हणायचं. कौसानीहून मसुरी तीनशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे उजाडता निघायचं आणि अंधार पडल्यावर उतरायचं. साताऱ्याला आलेल्या पाहुण्याला त्याच खेपेत गणपतीपुळं आणि अजिंठाही दाखवून आणायचं म्हटलं तर तुम्ही त्याला काय सांगाल? सात दिवसांतले दोन दिवस दिल्लीला जायला-यायला, दोन निव्वळ गाडीत. उरलेल्या तीन दिवसांत चार गावं.

मी बारा वर्षांपूर्वी सांगलीहून माझ्या आईला घेऊन अशाच एका सात दिवसांच्या सहलीला गेले होते. तो जूनचा पहिला आठवडा होता. नैनितालजवळच्या भवालीच्या अलीकडे आमची गाडी जी थांबली, ती तीन तासांत दोन किलोमीटर सरकली. आई सकाळपासून पाणी पीत नव्हती, कारण उतरून जायला कुठे जागा नव्हती. तिने हे मला सांगितलं नाही, ओठ कोरडे पडलेले बघून मला कळलं. संध्याकाळी नैनितालला पोचलो तर हॉटेल रस्त्याच्या वर. फोटोत बाल्कनी दिसत होती, तलाव दिसत होता, पायऱ्या दिसत नव्हत्या. मी मोजल्या, 64 होत्या. बाविसाव्या पायरीवर आई खाली बसली, कठड्याला हात लावून, आणि म्हणाली, "तू बॅगा ठेवून ये, मी इथेच आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गाडी पुढच्या गावाला सुटणार होती. तलाव तिने बघितला तो गाडीच्या काचेतून, जाताना एकदा आणि येताना एकदा. ती तक्रार करणाऱ्यातली नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं. पुन्हा तिला घेऊन जायचं राहून गेलं.

म्हणून तुमच्या मिस्टरांना माझा निरोप द्या: प्रवासाचा वेग घरातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसावरून ठरवायचा. आणि तलावांचा मुलूख त्यासाठी अगदी सोयीचा आहे. गडावर जायचं तर चढावं लागतं, लेणी बघायची तर चालावं लागतं. तलाव बसून बघायचा असतो. काठावर बाकड्यावर तासभर बसलं तरी पाण्याचा रंग चारदा बदलतो, तेच बघायला माणसं तिथवर जातात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली जागा मला सुचत नाही.

मुक्काम कुठे? नैनिताल शहरात करू नका. ते गाव एका वाटीत वसलंय, तळाशी तलाव आणि चारी बाजूंनी चढावर घरं. सीझनमध्ये पोलीस बाहेरच्या गाड्या शहराच्या अलीकडेच थांबवतात आणि पुढे शटलने जावं लागतं. सप्टेंबरच्या रविवारी कासला काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल, तसंच. मुक्कामाला भीमताल किंवा नौकुचियाताल धरा. दोन्ही एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवर आहेत. जमीन बरीच सपाट, काठाने रस्ता, गर्दी निम्मी. भीमताल चांगला मोठा आहे आणि मधोमध एक छोटं बेट आहे. एका टोकाला जुना बांध आणि त्याला लागूनच भीमेश्वर महादेवाचं देऊळ. सतराव्या शतकात कुमाऊँचा राजा बाज बहादूर चंद याने ते बांधलं. भीमाने गदा मारली आणि पाणी निघालं, अशी तिथली कथा. आईंना संध्याकाळी देवळात जायला हे चालण्याच्या अंतरावर मिळेल, एवढ्यासाठीसुद्धा भीमतालला मुक्काम करावा असं मला वाटतं.

कुमाऊँ मंडल विकास निगम या सरकारी महामंडळाची पर्यटक निवासं भीमताल, नौकुचियाताल, सातताल आणि नैनितालला आहेत. जागा मोक्याच्या आहेत. घरगुती होमस्टेही पुष्कळ आहेत. कुठेही पैसे भरण्याआधी फोन करा आणि हे विचारा: गाडी खोलीच्या दारापर्यंत येते का? गाडीपासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? आकडा मागा, "थोड्याशाच" हे उत्तर घेऊ नका. खोली तळमजल्यावर मिळेल का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत येतं, रात्री हीटर देतात का. शक्य असेल तर त्यांना व्हिडिओ कॉलवर गाडीतळापासून खोलीपर्यंत चालत यायला सांगा. चांगला मालक आनंदाने करतो. जो टाळतो त्याच्याकडे जाऊ नका.

आता महिना. मेचा शेवटचा आठवडा म्हणजे दिल्ली आणि उत्तर प्रदेशातल्या शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, आणि तिकडच्या उन्हाळ्यातून पळून सगळे इथेच येतात. भवालीपुढे कैंची धाम आहे, नीम करोली बाबांचा आश्रम. तिथे 15 जूनला मोठा मेळा भरतो, आणि अलीकडे आधीच्या-नंतरच्या दिवसांतही तो रस्ता भरलेलाच असतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये चीडच्या, म्हणजे पाइनच्या झाडांच्या, जंगलांना वणवे लागतात. 2024 च्या एप्रिलमध्ये तर आग विझवायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर भीमताल तलावातून पाणी उचलून नेत होतं. धुरामुळे अशा दिवसांत हिमालय दिसत नाही. जुलै ते सप्टेंबर नावच काढू नका. दरडी कोसळतात, रस्ते बंद पडतात. नैनितालच्या मल्लीतालला एक मोठं सपाट मैदान आहे, त्याला फ्लॅट्स म्हणतात. 18 सप्टेंबर 1880 ला झालेल्या भूस्खलनात 151 माणसं गेली, आणि त्या ढिगाऱ्याने ते मैदान आजच्या एवढं झालं. आज तिथे मुलं क्रिकेट खेळतात.

राहिले ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर. पाऊस धुऊन गेलेला, आकाश निळं, आणि उत्तरेला नंदादेवी आणि त्रिशूळ स्वच्छ दिसतात. नंदादेवीची उंची 7,816 मीटर आहे. ते शिखर पहिल्यांदा दिसतं तेव्हा ढग वाटतं, कारण आपण डोंगर शोधतो तो क्षितिजावर आणि ते असतं त्याच्या बरंच वर. मुलाची दिवाळीची सुट्टी असेलच. एकच सावधगिरी: ऑक्टोबरच्या मध्यावर जाऊ नका. 2021 मध्ये 18 आणि 19 ऑक्टोबरला अवेळी असा पाऊस झाला की नैनी तलावाचं पाणी मॉल रोडवर आलं आणि गाव काही काळ तुटलं. म्हणून दिवाळी उरकून निघा आणि येताना एक दिवस हाताशी राखून ठेवा. थंडीचं म्हणाल तर दिवसा उन्हात बसावंसं वाटेल अशी, रात्री दहा अंशांच्या खाली. आणि एक गोष्ट इकडच्या माणसाच्या लक्षात येत नाही: तिकडे नोव्हेंबरात साडेपाचच्या आतच सूर्य डोंगराआड गेलेला असतो. चारनंतर घाटात गाडी असायला नको, अशा बेताने दिवस आखा.

मिस्टरांची रजा मेमध्येच असेल आणि काही इलाजच नसेल, तर एप्रिलचा शेवट किंवा मेचा पहिला आठवडा गाठा. सुट्ट्यांची लाट त्यानंतर येते.

जायचं कसं? रेल्वे भीमतालच्या पायथ्याशी, काठगोदामला संपते. 1884 मध्ये रूळ तिथवर आले आणि पुढे डोंगर म्हणून तिथेच थांबले. नावातच गोदाम आहे: गौला नदीतून वाहत आणलेलं लाकूड तिथे साठवायचे. आपल्या बाजूने गोवा एक्स्प्रेस मिरज, पुणे करत हजरत निजामुद्दीनला जाते. पण आपल्याकडे तिची वेळ रात्रीची आडनिडी असते, आणि माहुलीला, म्हणजे साताऱ्याच्या स्टेशनवर, आईंना थंडीत बसवून ठेवण्यात अर्थ नाही. माझं मत असं की जाताना पुण्याहून दिल्लीला विमानाने जा, दोन-सव्वादोन तासांचं काम. विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, तिचे पैसे लागत नाहीत. संकोच करू नका, आईंनाही करू देऊ नका. दोन-दोन किलोमीटर चालायचे तिथे कोणाच्याही गुडघ्यांना त्रास होतो. येताना रेल्वेने या, मुलालाही देश बघायला मिळेल आणि खर्चही आटोक्यात राहील. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. त्या दिवशी सकाळी आठला बसा. आईंचं वय नीट भरा, म्हणजे खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मात्र 2020 पासून बंद आहे, ती हिशोबात धरू नका.

दिल्लीत त्याच दिवशी पुढची गाडी पकडायची घाई नको. रात्र दिल्लीत काढा आणि सकाळची काठगोदाम शताब्दी घ्या. नवी दिल्लीहून पहाटे सुटते आणि साधारण साडेपाच तासांत, दुपारच्या आत काठगोदामला पोचते. रात्रीची राणीखेत एक्स्प्रेसही आहे, तरुण माणसांना ती सोयीची, झोपेत प्रवास होतो. पण ती पहाटेच्या काळोखात उतरवते, आणि तेव्हा काठगोदामला थंडी असते. दिल्लीतली स्टेशनं वेगवेगळी आहेत, निजामुद्दीन, नवी दिल्ली आणि पुरानी दिल्ली. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते बघूनच रिक्षात बसा. काठगोदामहून भीमताल वीसेक किलोमीटर. राणीबागला रस्ता फुटतो, एक भीमतालकडे जातो आणि दुसरा ज्योलीकोटवरून नैनितालकडे. तासाभरात खोलीवर.

पाच रात्री एकाच खोलीत काढा. बॅगा रोज भरायच्या-उपसायच्या नाहीत, हे आईंसाठी जेवढं चांगलं तेवढंच तुमच्यासाठी. बॅगा घरात कोण भरतं ते मला माहीत आहे.

पोचल्याचा दिवस रिकामा ठेवा. चहा घ्या आणि काठावर बसा. दुसऱ्या दिवशी नौकुचियाताल. त्याला नऊ कोपरे आहेत, नावच त्यावरून पडलं. या भागातल्या तलावांत हा सगळ्यांत खोल, चाळीस मीटरच्या आसपास. नऊच्या नऊ कोपरे एका जागेवरून कोणाला दिसत नाहीत, आणि ज्याला दिसले त्याला मोक्ष मिळतो, असं तिथले लोक मानतात. आईंना नावेत बसवा. नाव म्हणजे वल्ह्याची, तिथे तिला चप्पूची नाव म्हणतात. पायडलची मुळीच नको, गुडघ्यांचं काम नाही ते. चढताना नावाड्याला सांगा की नाव धक्क्याला आडवी लाव आणि पाय आत ठेवेपर्यंत धरून ठेव. लाईफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, मिस्टरांनीसुद्धा. आणि सकाळी नऊच्या आत जा. त्या वेळी पाण्यावर धुक्याचा एक पापुद्रा असतो, वल्हं बुडलं की तो फाटतो आणि मागे पुन्हा जुळतो. वल्ह्यावरून निथळणाऱ्या थेंबांचा आवाज येतो, एवढी शांतता असते. दहानंतर माणसं येतात आणि स्पीकर सुरू होतात.

मुलाला तिथे पॅराग्लायडिंग करायचं असेल, हे मला तुमच्या पत्रात नसतानाही दिसतंय, कारण तलावांचे फोटो शोधताना त्याला ते दिसलंच असेल. भीमताल-नौकुचियातालच्या भागात ते चालतं. परवाना दाखवायला सांगा, अनुभवी पायलटबरोबर जोडीनेच उडायचं, आणि वारा वाढला म्हणून त्यांनी नाही म्हटलं तर पैसे देतो, उडवा असा हट्ट करायचा नाही. हे सगळं पाळलं जाणार असेल तर त्याला करू द्या. तो वरून खाली बघत असताना आजी खालून वर बघत असेल. दोघांनाही पुढे सांगायला काहीतरी राहील.

एक सकाळ साततालला द्या. बांज म्हणजे तिकडचा ओक. बांज आणि चीडच्या दाट रानात हे छोटे तलाव आहेत: राम, लक्ष्मण, सीता, गरुड, नलदमयंती अशी नावं. तिथे 1930 पासूनचा एक ख्रिस्ती आश्रमही आहे. पक्षी एवढे की पक्षी बघणारे लोक देशभरातून येतात. आईंनी गाडीतून उतरून पन्नास पावलं चालावं आणि बसावं. बाकीच्यांनी हवं तेवढं फिरावं.

नैनितालला एकच दिवस, आणि तोही मधल्या वारी. सकाळी सातला निघा, गाडी तल्लीतालला, म्हणजे तलावाच्या खालच्या टोकाला, किंवा सांगतील त्या तळावर लावा. तलाव आंब्याच्या फोडीसारखा वळलेला आहे. सतीचा डोळा इथे पडला म्हणून नैना, आणि वरच्या टोकाला मल्लीतालला नैनादेवीचं देऊळ, अगदी पाण्यालगत. आईंना दर्शन सोपं जाईल. मल्लीतालहून रोपवे स्नो व्ह्यू नावाच्या टेकडीवर जातो, तिथून आकाश स्वच्छ असेल तर नंदादेवीची रांग दिसते. आईंना चढावं लागत नाही, म्हणून हे जरूर करा. टिफिन टॉपचं नाव जुन्या पुस्तकांत वाचाल, पण तिथली डोरोथी सीट ही प्रसिद्ध दगडी बैठक 2024 च्या ऑगस्टमध्ये दरडीबरोबर कोसळली. तिथवर चढण्यात वेळ घालवू नका. दुपारी दोनला परत फिरा.

नैनी तलावाबद्दल एक गोष्ट मुलाला मुद्दाम सांगा. सगळं नैनिताल त्याच तलावाचं पाणी पितं. साताऱ्याला कासचं पाणी येतं, तसंच. कासच्या काठावर कोणी प्लास्टिक टाकलं की आपल्याला राग येतो, कारण ते आपल्या नळाला येणार. तलावाच्या थोडं वर सुखाताल नावाची जागा आहे. पावसाळ्यात तिथे पाणी साठतं, जमिनीत मुरतं आणि खालच्या तलावाला मिळतं. सुखातालवर बांधकामं होत गेली आणि 2017 च्या उन्हाळ्यात नैनी तलाव एवढा आटला की काठावर मातीची बेटं उघडी पडली. तुमच्या बाटल्या आणि पुड्या तुमच्याबरोबर परत आणा. बदकांना ब्रेड घालू नका, कोणी विकत असलं तरी.

कैंचीला आईंना जायचं असेल तर मधल्या वारी, पहाटे निघून आठच्या आत दर्शन घ्या. नाही जमलं तर हळहळू नका. उरलेला दिवस मुक्तेश्वरसाठी ठेवा, 2,285 मीटर, हिमालय तिथून सगळ्यांत मोकळा दिसतो. वरच्या देवळाला पायऱ्या आहेत, आईंनी खालीच उन्हात बसावं. वाटेत रामगढला सफरचंदाच्या बागा लागतात. नोव्हेंबरात झाडांवर फळं नसतील, पण रस्त्यावर जॅमच्या आणि सरबतांच्या बाटल्या मिळतात. त्या दिवशी आईंना थकवा वाटला तर मुक्तेश्वर रद्द करा, आणि मिस्टर व मुलगा दोघंच जाऊ देत.

जेवणाची काळजी आईंना सगळ्यांत जास्त असेल, तर त्यांना एवढं सांगा: तिकडे जिला गहत म्हणतात ते आपले हुलगे. हुलग्याचं माडगं पिऊन वाढलेल्या बाईला गहतची डाळ परकी लागणार नाही. मडुआ म्हणजे नाचणी, झंगोरा आपल्या वरीसारखा. उपास असेल तर त्याचीच खीर मिळते. होमस्टेत आदल्या रात्री सांगितलं तर कुमाऊँनी जेवण करून देतात: भट नावाच्या काळ्या सोयाबीनची चुडकानी, आलूचे गुटके आणि मोहरी लावलेली काकडीची कोशिंबीर, तिला ते रायता म्हणतात. ती झणझणीत नाकात जाते, आईंना आधी थोडीच वाढा. येताना बाल मिठाई आणा. खव्याची, तपकिरी, वरून साखरेचे पांढरे दाणे लावलेली. आणि जाताना साताऱ्याचे कंदी पेढे न्या, एक डबा प्रवासाला आणि एक ज्यांच्या घरी राहाल त्यांना. पेढे दिल्यावर दुसऱ्या दिवशी आईंच्या खोलीत न मागता गरम पाण्याची पिशवी येते, हा माझा अनुभव आहे.

औषधं दुप्पट घ्या, अर्धी तुमच्या पर्समध्ये आणि अर्धी मिस्टरांच्या बॅगेत, म्हणजे एक बॅग हरवली तरी गोळी चुकत नाही. गरज पडलीच तर हल्द्वानीला डॉ. सुशीला तिवारी सरकारी रुग्णालय आहे, भीमतालहून तासाभराच्या अंतरावर. डोंगरात मोठं रुग्णालय इतकं जवळ असलेलं बरं, भीमतालला मुक्काम करायचं हेही एक कारण. आईंना पायमोजे, कानटोपी, गुडघ्याचे पट्टे आणि घडीची काठी. काठी नको म्हणतील, तरी बॅगेत टाका.

आता तुमच्या मिस्टरांचा "सगळंच बघून येऊ" हा मुद्दा. त्यांचंही चुकत नाही. इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला वाटतं की पुन्हा कधी जमेल कुणास ठाऊक. त्यांना हरिद्वारची ओढ असेल तर तो वेगळा प्रवास करा, रिटायर झाल्यावर, दोघांनी. तेव्हा त्यांना रजा मोजायची नसेल. या वेळी त्यांना एकच काम सोपवा: हॉटेलवाल्यांना फोन करून पायऱ्या मोजून घेण्याचं.

आणि आईंना "येता का" असं विचारू नका. विचारलं की त्या कोरेगावचं नाव घेणार, कारण कोणाला अडचण व्हायला नको, हे त्यांना आयुष्यभर शिकवलंय. माझी आईही तशीच होती. तिकिटं काढा, आणि मग त्यांच्याजवळ बसून सांगा की नऊ कोपऱ्यांचा एक तलाव आहे, सगळे कोपरे एकदम कोणालाच दिसत नाहीत, आणि आम्हाला मोजायला तुम्ही लागणार. चष्म्याचा नंबर तेवढा आधी तपासून घ्या.